तुंगभद्रेची सुकती

कासमचाचांच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नाही. "चाचा, वाजले किती?" असं विचारलं की ते आधी खाडीकडे बघत आणि मग सांगत, "अर्धी सुकती झाली हा." सुकती म्हणजे ओहोटी. अर्ध्या सुकतीला घड्याळात किती वाजतात ते ज्याचं त्यानं बघून घ्यावं. एकदा देशावरून बदलून आलेल्या नव्या ग्रामसेवकानं त्यांना विचारलं, सभेला कधी येणार? चाचा म्हणाले, "भरतीक येतंय." ग्रामसेवक बिचारा कुठल्या तरी नोकरभरतीबद्दल ऐकतोय असं समजला आणि म्हणाला, "चाचा, या वयात?" त्यावर सगळी पंचायत हसली, पण चाचांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी तांडेलकी केली. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं आणि कधी मुकाट घरी परतायचं हे त्यानं ठरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अंगानं सुक्या बांगड्यासारखे सडसडीत, चौकड्यांची लुंगी, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि बोलताना एक डोळा बारीक करायची सवय. लांबवर बघून बघून ती जडली होती. समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी ते त्याच्याकडे असेच बघत, त्यामुळे नवख्याला उगीच आपण काहीतरी लपवतोय असं वाटे.

तारकर्लीच्या अलीकडे खाडीला लागून त्यांचं घर आणि त्याला लागून माझं. मी तीस वर्षं हायस्कुलात भूगोल आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दोन्ही विषय शिकवल्यामुळे जगात कुठे काय आहे आणि पूर्वी काय होतं हे आपल्याला माहीत आहे असा माझा समज होता. चाचांना माझ्या विद्येबद्दल फार आदर. नकाशातलं काही अडलं की ते कुंपणापाशी येऊन विचारत. पण पाण्याचं मला त्यांनी कधी विचारलं नाही. ते खातं त्यांचं होतं.

"तिथीचो पाऊणपट" हा त्यांचा मंत्र. आज तिथी कुठली? अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती. किनाऱ्यावर हे गणित पुष्कळांना येतं, पण चाचा त्यात वारा, आभाळ आणि खाडीचं तोंड कुठल्या बाजूला सरकलंय तेही धरत, आणि त्यांचं सहसा चुकत नसे. मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते आल्यानंतरही सकाळी दोघं-चौघं त्यांच्या पडवीसमोर थांबून विचारत, "चाचा, पाणी कधी?" पर्यटकांना होडीतून फिरवणारा बाबल तर तक्ता उघडलेला मोबाईल हातात धरूनच विचारी. चाचा त्या मोबाईलकडे एक डोळा बारीक करून बघत आणि म्हणत, "ह्यो सांगता तां मालवणच्या बंदरातलां. आमच्या दारातलां पाणी ह्येका काय ठावक?"

चाची मला एकदा म्हणाली होती, "मास्तर, ह्यांका सकाळची च्या नसली तरी चलात, पण कोणीतरी पाणी इचारूक होयां. कोण इलो नाय तर दिवसभर माझ्यार गुरगुरतत." ती हसत म्हणाली, पण ते खरं होतं. होडी विकून झाली होती, जाळी मुलांनी वाटून घेतली होती. आता एवढी विचारपूस तेवढी त्यांची उरली होती.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटानं हंपीची सहल काढली. विजयनगरची जुनी राजधानी, तुंगभद्रेच्या काठी मैलोन् मैल पसरलेले अवशेष वगैरे मी सगळ्यांना सांगितलं. चाचा येतील असं मला वाटलं नव्हतं. खाडी नजरेआड झाली की त्यांना चैन पडत नसे. पण विजयनगरचं नाव ऐकून ते स्वतःच कुंपणापाशी आले.

"मास्तर, तो राजा घोडे घेय, तोच मा?"

"तोच. अरबस्तानातून जहाजानं घोडे यायचे त्याला."

"आमच्या घराण्यातलो एक तांडेल ते घोडे हाडीत होतो. गोव्यात उतरवी, थंयसून पुढे ते राजाकडे जायत. आमचो आजो सांगी." मग एक डोळा बारीक करून म्हणाले, "पण पोचले काय नाय, तां आमका कोणी कळवूक नाय. पाचशे वर्षां झाली. एकदा बघून येऊया."

अशी आमची सोळा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. म्होरकेपण सुमनताईंकडे. या निवृत्त नर्सबाई. सोळा माणसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, चटणीचा मोठा डबा, दोन्ही त्यांच्याच ताब्यात. आंबोलीचा घाट चढला, बेळगाव गेलं, हुबळी गेलं, आणि चाचा खिडकीबाहेरच्या कोरड्या माळाकडे बघून अस्वस्थ होऊ लागले. "हंयचे लोक सकाळी उठान बघतत तरी काय?" त्यांनी विचारलं. सुमनताई म्हणाल्या, "एकमेकांची तोंडां." चाचांना त्या लोकांची मनापासून कीव आली.

हंपीत पहिल्या सकाळी आम्ही त्या उंच दगडी चौथऱ्यापाशी गेलो, जिथे बसून राजा दसऱ्याचा सोहळा बघत असे. त्याच्या चारही अंगांना कोरीव पट्टे आहेत. हत्ती, उंट, शिकारी, नाचणाऱ्या बायका, आणि घोडे. रांगच्या रांग घोडे. गाईड म्हणाला, "ये घोड़े बेचनेवाले हैं, विदेशी लोग." दाढीवाली, उंच टोप्या घातलेली माणसं घोड्यांचे लगाम धरून उभी होती. चाचा पुढे झाले आणि एकेका माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागले. गावातल्या लग्नाच्या फोटोत आपलं माणूस शोधावं तसं बघत होते. बराच वेळ गेला. मग एका दाढीवाल्यापाशी थांबून ते म्हणाले, "विदेशी खंयचो? नाक बघा ह्येचां. आमचोच आसा."

सुमनताईंनी चाचांचं नाक बघितलं, दगडातलं नाक बघितलं आणि मान डोलावली. खरंच फारसा फरक नव्हता. चाचा मागे सरले, लुंगी झटकली आणि समाधानानं म्हणाले, "पोचले म्हणायचे घोडे. बरां झालां." त्या दिवशी त्यांच्यापुरती हंपी तिथेच बघून झाली होती. पण त्यांचा एक नियम होता. राजधानी असो नाहीतर वाडी, गाव बघायचा तो पाण्याकडून. "दार खंय आसा तां बघल्याशिवाय घरात कशे शिरलात?" ते आम्हांला म्हणाले. म्हणून साडेदहाच्या सुमाराला आम्ही नदीवर गेलो.

तुंगभद्रा तिथे मोठमोठ्या शिळांमधून वाट काढत जाते. पात्रात एका जुन्या पुलाचे दगडी खांब उभे आहेत, वरचा पूल केव्हाच गेलेला. गाईडनं पलीकडच्या सपाट खडकाकडे बोट दाखवलं. "वहाँ पत्थर में शिवलिंग खुदे हैं, बहुत सारे. अभी नहीं दिखेंगे. पानी उतरेगा तब दिखेंगे." एवढं सांगून तो दुसऱ्या एका गटाला घेऊन देवळाकडे गेला. तासाभरात येतो म्हणाला.

पाणी उतरेल तेव्हा. आम्ही सोळाही जणांनी माना डोलावल्या. त्यात न कळण्यासारखं काय होतं? आपोआप सगळ्यांचे चेहरे चाचांकडे वळले. "चाचा, पाणी कधी?" सुमनताईंनी विचारलं. आणि इतका वेळ कोरड्या मुलखात हरवल्यासारखा दिसणारा तो माणूस एकदम ताठ झाला.

"तिथी काय आज?"

"अष्टमी."

"आठाचे पाऊणपट सहा. सहाक भरती झाली, बाराक सुकती. दीड तास बसा, खडप उघडां पडतलां."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी भूगोलाचा मास्तर. मी घसा खाकरून म्हणालो, "चाचा, समुद्र हंयसून लांब आसा. सुकती हंय पोचाक उशीर लागतलो. माका वाटता, दीड तरी वाजात." तीस वर्षं मी फळ्यावर तुंगभद्रेला कृष्णेत आणि कृष्णेला बंगालच्या उपसागरात नेऊन सोडत आलो. समुद्रसपाटीपासूनची उंची मुलांकडून पाठ करून घेतली. ती सगळी विद्या त्या क्षणी कुठे गेली होती देव जाणे. जन्म खाडीवर गेला. नदी म्हटली की तिचं पाणी सहा तास येणार आणि सहा तास जाणार, हे माझ्या हाडात होतं. पुस्तकं त्याच्यानंतरची.

चाचांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "मास्तरांचां बरोबर आसा. खाडीत जितके आत जाशात, तितकां पाणी उशिरा." त्यांनी पाण्याच्या कडेला खूण म्हणून एक गोटा ठेवला आणि आम्ही सगळे शिळांवर मांडी घालून बसलो. सुमनताईंनी डबा उघडला. चपाती आणि सुंगटांची चटणी खात, गजाली मारत आम्ही पाणी उतरायची वाट बघू लागलो. दर थोड्या वेळानं चाचा उठून गोटा बघून येत. "अजून पाणी उभां आसा," ते म्हणत. बारा वाजले, साडेबारा झाले. दोघं-तिघं पलीकडे चालत जायच्या तयारीनं चपला काढून बसले. गोट्याशी पाणी होतं तिथेच होतं. मी म्हटलं, "आता लागात सुकती."

गाईड परत आला तेव्हा सोळा म्हातारी माणसं नदीकडे तोंड करून एका रांगेत बसलेली त्याला दिसली. त्यानं विचारलं, "आप लोग क्या देख रहे हैं?"

चाचा म्हणाले, "पानी उतरने का वाट देखता है. अब्बी उतरेगा."

गाईडनं नदीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "चाचा, पानी अप्रैल में उतरेगा."

मग सुमनताई हसायला लागल्या आणि मग कुणी कुणाला आवरेना. चटणी एकाच्या नाकात गेली. मीसुद्धा हसलो, जरा मोठ्यानंच हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी गाईडला विचारलं, "म्हणजे ये पानी वापस नहीं आता?"

"नहीं चाचा. ये सिर्फ जाता है."

चाचा पाण्याकडे बघत राहिले. पलीकडे पुलाचे मोकळे खांब, मागे पडक्या देवळांच्या रांगा. "फकत जाता," ते हळूच म्हणाले. "मगे राजधानी तरी कशी परत येतली?" गोटा त्यांनी उचलला आणि जिथून घेतला होता तिथे नेऊन ठेवला. परतीच्या सगळ्या प्रवासात ते एक अक्षर बोलले नाहीत.

ते गप्प का झाले हे टेम्पोत सगळ्यांना कळत होतं. पाणी चुकलेल्या तांडेलाला कोण विचारणार? सुमनताईंनी धामापूरच्या भगवतीची आण घालून प्रत्येकाला बजावलं की ही गोष्ट हंपीतच राहिली पाहिजे. सगळ्यांनी आण घेतली. पण मालवणी माणसाच्या पोटात सोलकढी राहते, गजाल राहत नाही. आमची गाडी आंबोली उतरायच्या आधीच ती फोनवरून घाट उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या पडवीसमोरून जाताना कुणीतरी ओरडलं, "चाचा, तुंगभद्रेक सुकती कधी?" त्यानंतर पडवीचं दार दोन दिवस उघडलं नाही. चाचीनं कुंपणावरून सांगितलं, "डोकां दुखता म्हणतत. चाळीस वर्षांत ह्यांचां डोकां कधी दुखूक नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. दहा-बारा जण होते, आणि विषय अर्थातच तोच. मला बघताच बाबल म्हणाला, "पण मास्तर, तुमी तर भूगोलाचे. तुमीपण सुकतीची वाट बघीत बसल्यात?" सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी.

मी म्हणालो, "माका ठावक होतां रे. पण चाचांचो मान राखूक होयो मा? म्हणान गप रवलंय."

किती सहज म्हणालो! शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्या लक्षात आलं की टपरीच्या कुडाला टेकून, एक डोळा बारीक करून कासमचाचा उभे आहेत. सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता संपलं. भर नाक्यावर माझी शोभा होणार, आणि व्हायलाच हवी.

चाचा पुढे आले, बाकावर बसले. "खरां आसा," ते म्हणाले. "मास्तरांनी माका थंयच सांगल्यानी, चाचा, ह्या पाणी उतारचां नाय. मीच आयकूक नाय. चाळीस वर्षां पाणी बघलंय, माका कोण शिकवतलो?" आणि मग त्यांनी स्वतःच सगळी गोष्ट सांगितली. पाऊणपट, गोटा, चटणी, एप्रिल, सगळं. गाईडची नक्कल तर अशी केली की टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद करून ऐकलं. माझं 'दीड तरी वाजात' तेवढं त्यात कुठे आलं नाही, आणि पुढे सहलीतल्यांनाही गोटा आणि एप्रिल एवढंच आठवत राहिलं. शेवटी म्हणाले, "माझी अक्कल खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्याचां मास्तरांका इचारा." हसता हसता बाबलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "तां ऱ्हवांदे चाचा, आज आपलां पाणी कधी?" चाचांनी आभाळाकडे बघितलं आणि सांगितलं.

घरी जाताना मी त्यांना गाठलं. माझे कान तापले होते. "चाचा, असां कित्याक सांगलात? दीड वाजात म्हणान मीच सांगलंय मा?"

"मास्तर, माझां काय?" ते चालता चालता म्हणाले. "मी चुकलंय तर पाणी दिवसातून दोनदा परत येता. माका सुधारूक दोनदा मिळता. तुमी पोरांका शिकवन घरात बसल्यात. आता तुमची चूक सुधारूक वर्गात कोण बसतलो?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली, आणि त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे मनात कुठेतरी हायसंही वाटलं.

त्यानंतर पडवीसमोर विचारणारे कमी झाले नाहीत, वाढलेच. कुठलं आपल्याला येत नाही हे जो नाक्यावर बसून सांगतो, त्याला येतं त्यावर लोक डोळे मिटून विसंबतात. मी मात्र खरं सांगायचं पुढे पुढे ढकलत राहिलो. गणपती झाले की सांगू, ईद झाली की सांगू, असं करता करता तीन वर्षं गेली. या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं चाचा गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो. त्यांनी मला नकाशातलं एक काहीतरी विचारलं आणि मी ते नीट सांगितलं. तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी जियारतीला त्यांच्या घरी सगळा गाव जमला होता. प्रार्थना झाली, आणि माणसं पडवीत बसून चाचांच्या आठवणी काढू लागली. तुंगभद्रेची गोष्ट निघणारच होती, ती निघाली. कुणीतरी म्हणालं, मास्तरांचं तेवढं ऐकलं असतं तर! मला राहवेना. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला काही माहीत नव्हतं. चाचा बाराच म्हणत होते, दीड वाजतील म्हणून सगळ्यांना मीच बसवलं, आणि नंतर टपरीवर मी खोटं बोललो.

मग एक म्हातारा डोळे टिपू लागला. बाबल उठला आणि त्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं. "मास्तर," तो म्हणाला, "मरान गेल्ल्या माणसाचो मान राखूचो म्हणान आपल्यार कित्याक घेतास? आमका कळता."

"बाबल, खरां सांगतंय रे. भगवतीची आण."

"आण घालू नकात," बाबल मला समजावत म्हणाला. "कासमचाचांनी सोता सांगल्यानी, मास्तरांका ठावक होतां म्हणान. पाण्याच्या बाबतीत कासमचाचा कधी खोटां बोलाक नाय."